बुडबुड्यांची गणपूर्ती

एका जंगलात, मुलांनो, एक उदमांजर राहत होतं. जंगलाचं नाव मात्र सांगता येणार नाही. नाव सांगायला तिथल्या सभेची परवानगी लागते आणि तिथली सभा काही भरत नाही.

हे उदमांजर म्हणजे बाईमाणूस होतं. नाव गंधेबाई. तुमच्यापैकी ज्यांनी उदमांजर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मांजरापेक्षा लांबट, मुंगसापेक्षा आळशी, आणि अंगाला नुकत्याच शिजलेल्या आंबेमोहोर भाताचा वास. कौलांवरून असं जनावर गेलं की घरातली माणसं चुलीवर काय राहिलं ते बघायला उठतात. हसू नका, खरंच उठतात.

गंधेबाई शास्त्रज्ञ होत्या. पाणवठ्याजवळच्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत त्यांची प्रयोगशाळा होती. स्वयंपाकघरही तिथेच आणि झोपायची जागाही तिथेच. त्यामुळे प्रयोग फसला की जेवणही फसायचं.

ही ढोली मूळची त्यांच्या आईची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ढोलीच्या लाकडात तिचा वास अजून होता. संध्याकाळी दमून आल्यावर गंधेबाई भिंतीला नाक लावून थोडा वेळ नुसत्या बसत. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ, पण या गोष्टीवर त्यांनी कधी भाषण दिलं नाही. काही गोष्टी भाषणासाठी नसतात.

आता अडचण ऐका. ओढ्याने बेहड्याच्या मुळांखालची माती खाल्ली आणि झाड कलायला लागलं. गंधेबाई डाव्या भिंतीशी फळ ठेवून झोपायच्या, सकाळी ते उजव्या भिंतीशी सापडायचं. मग एके दिवशी त्या स्वतःच उजव्या भिंतीशी सापडल्या.

त्या थेट सोंडकरांकडे गेल्या. सोंडकर म्हणजे हत्ती. जंगलातली उचलण्या-पाडण्याची सगळी कामं त्यांच्याकडे असायची.

"सोंडकरसाहेब, बेहड्याला एक टेकू लावून द्या हो. बेचक्याचा एखादा ओंडका चालेल. तुम्हाला काय, हातासरशी होईल."

"लावतो की," सोंडकर म्हणाले. "ठराव?"

"कसला ठराव?"

"सभेचा. ठरावाशिवाय मी पानसुद्धा हलवत नाही, बाई."

हे अगदी खरं होतं. त्या जंगलात कागद नव्हता. सगळे ठराव सोंडकरांच्या डोक्यात राहायचे आणि जे डोक्यात नाही ते सोंडेत येत नसे.

म्हणजे सभा भरायला हवी होती. आणि तिथेच तर सगळं घोडं अडलं होतं.

सभेला निम्मं जंगल हजर लागे. त्याला म्हणतात गणपूर्ती. अध्यक्ष होते वाघोबा. सभेत कोणी कोणाला खायचं नाही, असा कडक नियम होता. सभेला येताना आणि सभेहून जाताना काय, ते नियमात नव्हतं. त्यामुळे हरणं यायची नाहीत, ससे यायचे नाहीत, भेकरं तर सभेचं नाव काढलं की पळत सुटायची. गणपूर्ती होत नसे आणि सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होई. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे तुमच्या बाबांना विचारा, त्यांना ठाऊक असेल. पण त्या अर्ध्या तासात वाघोबांना भूक लागायची. मग आलेलेही उठून जायचे आणि तहकूब सभेला फक्त वाघोबा उरायचे, तेही तोंड पुसत.

हजेरी घ्यायचं काम कार्यवाहांचं. कार्यवाह होते चिलखते नावाचं खवल्यामांजर. नजर यथातथाच, पण नाक तिखट. म्हणून त्या जंगलात हजेरी वासावरून लागायची आणि मतही वासावरूनच मोजलं जायचं. भ्यायल्याचा वास आला की विरोध. खूश झाल्याचा वास आला की होकार. चिलखत्यांना अवघड प्रश्न विचारला की ते गुंडाळी करून घेत आणि प्रश्न विचारणारा निघून जाईपर्यंत चेंडू होऊन पडून राहत. कार्यवाह म्हणून त्यांचं फार नाव होतं.

गंधेबाई ढोलीत परतल्या आणि विचार करत बसल्या. समोर डबक्याचं पाणी ठेवलेलं होतं. त्यात जंतू होते. त्यांच्याकडे बघता बघता बाईंचे कान उभे राहिले.

मुलांनो, जंतूंची एक गंमत असते. एकटा जंतू गप्प बसतो. नुसता थोडा थोडा वास सोडत राहतो, 'मी आहे, मी आहे.' शेजारचाही तेच करतो. असा वास पुरेसा साठला की सगळ्यांना कळतं, अरे, आपण पुष्कळ झालो! मग सगळे मिळून कुणाचं तरी पोट बिघडवतात. म्हणजे बघा, जंतूंची गणपूर्ती होते, ठराव होतो आणि अंमलबजावणीसुद्धा होते. वाघ-हत्तींना जे जमत नाही ते यांना बसल्या जागी जमतं.

"असे सभासद आपणच बनवले तर?" गंधेबाई स्वतःशी म्हणाल्या.

आणि बनवले की! एका द्रोणात मोहाच्या बियांचं तेल घेतलं, पाणी घेतलं, शेपटीने घुसळ घुसळ घुसळलं. तेलाच्या पातळ कातडीचे इवलेइवले बुडबुडे झाले. प्रत्येकाच्या कातडीला बारीक भोकं ठेवली, वास आत-बाहेर जायला. आत काजव्याकडून उसनी आणलेली चिमूटभर चमक घातली. शेजाऱ्यांचा वास पुरेसा आत आला की बुडबुडा हिरवा उजळणार आणि स्वतःही भसकन वास सोडणार. तो वास पुढच्याला लागणार, पुढचा उजळणार, असं सगळ्या द्रोणात पसरत जाणार.

"किती गोड बुडबुडे!" ओढ्यावरची टिटवी म्हणाली.

"बुडबुडे नाहीत ते. कृत्रिम पेशी आहेत," गंधेबाई म्हणाल्या.

आता एकच प्रश्न उरला. वास कुठला वापरायचा? होकाराचा वास म्हणजे प्रेमळच हवा. बाईंनी फार विचार केला नाही. ढोलीत आई झोपायची त्या कोपऱ्यातलं लाकूड त्यांनी नखाने जरासं खरवडलं आणि तो भुसा बुडबुड्यांत घातला. आई त्यांना जन्मात कधी कशाला नाही म्हणाली नव्हती.

पहिल्यांदा द्रोण उजळला आणि ढोलीभर भाताचा वास सुटला, तेव्हा गंधेबाईंचे डोळे भरून आले. नकाराचा वास आणि त्याची वेगळी भोकं करायची राहिली होती. पण ते काम त्यांनी पुढच्या टप्प्यात ठेवलं. विषय तर एकच होता, टेकूचा. त्यात नकार कशाला?

सभेच्या दिवशी गंधेबाई पळसाच्या पानांचे द्रोणच्या द्रोण घेऊन मैदानावर हजर झाल्या. ओळीने मांडले. वाघोबा कातळावर बसले होते. सोंडकर एका बाजूला कान हलवत उभे होते. झाडावर शेपाळे वानर बसलं होतं. ते दर सभेला यायचं. झाडावरच्यांना वाघाची भीती नसते.

"हे काय आहे?" वाघोबांनी विचारलं.

"नवीन सभासद, अध्यक्षमहाराज. कृत्रिम पेशी."

"बुडबुडे दिसतायत."

"पेशी आहेत, महाराज."

"जिवंत आहेत का?"

हा प्रश्न, मुलांनो, मोठमोठ्या विद्वानांना सुटलेला नाही. चिलखत्यांनी लगेच गुंडाळी केली. गुंडाळीच्या आतून त्यांचा आवाज आला, "नियमात जिवंत असा शब्दच नाही. ज्याला कातडी आहे, जो शेजाऱ्याला ओळखतो आणि साद घातली की ओ देतो, तो सभासद."

"कातडी आहे," गंधेबाई म्हणाल्या. "शेजाऱ्याला वासाने ओळखतात. ओसुद्धा देतात."

वाघोबांनी मिशा चाटल्या. "खाता येतात का?"

"चव लागत नाही, महाराज."

"मग होऊ द्या सभासद," वाघोबा म्हणाले आणि त्यांचा बुडबुड्यांतला रस संपला.

चिलखते गुंडाळी सोडून हजेरी घ्यायला निघाले. द्रोणाशी नाक नेत, "हजर... हजर... हजर..." म्हणत ते ओळीच्या टोकाला पोहोचले आणि तिथेच थबकले.

"अध्यक्षमहाराज, गणपूर्ती झाली."

असं आजवर झालंच नव्हतं. यापुढे काय करायचं असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बहुतेक विषय मांडायचा असतो," सोंडकर हळूच म्हणाले.

गंधेबाई उभ्या राहिल्या. "पाणवठ्याजवळच्या बेहड्याला टेकू लावावा, असं मी मांडते."

पहिल्या द्रोणात एक बुडबुडा उजळला. मग शेजारचा. मग दुसरा द्रोण, तिसरा. संधिप्रकाशात पुढच्या सगळ्या ओळी हिरव्या झाल्या आणि मैदानावर भाताचा असा घमघमाट सुटला, की वाघोबांनासुद्धा क्षणभर शाकाहारी व्हावंसं वाटलं. क्षणभरच.

चिलखत्यांनी नाक वर केलं. "मंजूर!"

सोंडकरांनी कान फडफडवले. म्हणजे ठराव डोक्यात गेला. गंधेबाईंचा जीव भांड्यात पडला.

सभा इथेच संपली असती तर ही गोष्टही इथेच संपली असती आणि तुम्ही झोपायला गेला असता. पण प्रत्येक सभेला शेपूट असतं. त्याला आयत्या वेळचे विषय म्हणतात.

शेपाळे वानर फांदीवरून खाली उतरलं. पाणवठ्याशी त्याचा एक लाडका कातळ होता. थंडीच्या दिवसांत सकाळी त्यावर बसून ऊन खायची त्याला हौस. पण बेहड्याची सावली नेमकी त्याच कातळावर यायची. दर वर्षी तो हाच विषय मांडायला यायचा आणि दर वर्षी गणपूर्तीअभावी तसाच परत जायचा.

"अध्यक्षांच्या परवानगीने," शेपाळे म्हणाला, "पाणवठ्याजवळचा बेहडा पाडावा. मला ऊन येत नाही."

चिलखत्यांनी नाक वर केलं. मैदानावर भाताचा वास भरून राहिला होता.

"मंजूर!"

"अहो!" गंधेबाई ओरडल्या. "चिलखतेकाका, हा आधीच्या ठरावाचा वास आहे! अजून गेला नाही तो!"

"वासावर तारीख नसते, बाई."

"जरा वारा लागू द्या. वास उडू द्या, मग बघा."

बाईंनी सागाचं एक मोठं पान तोडलं आणि द्रोणांवर वारा घालायला सुरुवात केली. इकडून घालत, तिकडून घालत. पुढच्या ओळींचा वास उडाला खरा. उडाला आणि मागच्या ओळींवर जाऊन बसला. मागचे बुडबुडे आतापर्यंत पेंगत होते. तेही टकाटका उजळले.

"एकमताने मंजूर!" चिलखते म्हणाले.

गंधेबाई द्रोणांपुढे गुडघ्यांवर बसल्या. "बाळांनो, नाही म्हणा. एकदा तरी नाही म्हणा!"

पण बुडबुड्यांना बेहडा माहीत नव्हता, टेकू माहीत नव्हता, शेपाळेही माहीत नव्हता. ते एकमेकांना एवढंच सांगत होते, 'मी आहे.' 'तू आहेस? मीपण आहे.' 'अरे वा, आपण पुष्कळ आहोत.' आणि आपण पुष्कळ आहोत म्हटल्यावर त्यांना जो आनंद व्हायचा, त्यालाच जंगलात मंजुरी समजत होते.

"माझा विरोध आहे!" गंधेबाई उठून म्हणाल्या. त्यांच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला होता. "माझा सक्त विरोध आहे!"

चिलखते त्यांच्याजवळ आले. नियमाप्रमाणे त्यांनी बाईंना नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं. आता तुम्ही विसरला नसाल, गंधेबाई उदमांजर होत्या. आणि उदमांजर जितकं चिडतं तितका त्याचा वास वाढतो.

"बाईंचाही होकार आहे," चिलखत्यांनी जाहीर केलं. "आणि अगदी मनापासून आहे."

"मी तोंडाने नाही म्हणतेय, काका!"

"तोंडाचं धरत नाहीत, बाई. तोंडाने कुणीही काहीही बोलतं. म्हणून तर वासाची पद्धत आणली."

गंधेबाई सोंडकरांकडे वळल्या. "साहेब, एका सभेत टेकू लावा आणि झाड पाडा, दोन्ही कसं चालेल? यातलं खरं कुठलं?"

सोंडकरांनी चिलखत्यांकडे पाहिलं. चिलखते केव्हाच चेंडू झाले होते.

"ठराव फिरवता येतो, पण पुढच्या सभेत," चेंडूतून आवाज आला.

"मग मी क्रमाने दोन्ही करतो," सोंडकर म्हणाले. "आपण कुणावर अन्याय करत नाही."

सकाळी सोंडकर आले. आधी त्यांनी बेचक्याचा जाडजूड ओंडका आणला, खड्डा करून जमिनीत रोवला, भोवती दगड ठोकले आणि बेचकं बरोबर बेहड्याच्या खोडाखाली बसवलं. मग दोन पावलं मागे सरकून त्यांनी विचारलं, "बाई, कसा झालाय?"

"छान झालाय हो," गंधेबाई म्हणाल्या. कारण टेकू खरोखरच छान झाला होता. बेहडा इतका ताठ गेल्या कित्येक वर्षांत उभा नव्हता.

"आता दुसरा ठराव," सोंडकर म्हणाले. "तुमचं काही आत राहिलंय का?"

गंधेबाई आत गेल्या. त्यांनी काहीच आवरलं नाही. कोपऱ्यातल्या लाकडाला नाक लावून उभ्या राहिल्या आणि सोंडकरांनी दोनदा घसा खाकरल्यावर बाहेर आल्या.

बेहडा पडला. ढोली मधोमध उकलली. वारा होताच. इतक्या वर्षांचा वास जायला किती वेळ लागावा? पण तो लगेच गेला. गंधेबाई तिथेच बसून रडल्या. अगदी तुम्ही रडता तशा, नाक ओढत रडल्या.

टेकू मात्र जागच्या जागी उभा राहिला. टेकू काढायचा ठराव झाला नव्हता.

शेपाळे कातळावर येऊन बसला. ऊन चांगलं आलं होतं. थोड्या वेळाने त्याला पाठीला चटका बसायला लागला, तेव्हा तो उठून टेकूच्या सावलीत जाऊन बसला.

पुढची सभा भरली. आता सभा दर वेळी भरत होती. बुडबुडे कायमचे सभासद झाले होते, त्यामुळे हरणांनी, सशांनी यायची गरजच उरली नव्हती आणि तीही खूश होती. गंधेबाईंनी मांडलं, "बेहडा पाडू नये." भाताचा वास सुटला. मंजूर झालं. सोंडकरांनी कान फडफडवले आणि त्या दिवसापासून बेहड्याला सोंडही लावली नाही.

मग शेपाळेने बेहड्याच्या दुःखद निधनाबद्दल शोक मांडला. मंजूर. मग गणपूर्तीचा जुना प्रश्न सोडवल्याबद्दल गंधेबाईंचा सत्कार करावा असं वाघोबांनी सुचवलं. मंजूर. केळीच्या पानाची शाल आणि नारळ नव्हता म्हणून बेलफळ. बाई "नको, नको," म्हणत होत्या. चिलखत्यांनी त्यांना हुंगलं आणि सांगितलं, "बाई भारावून गेल्या आहेत."

सत्कार झाला. सगळे आपापल्या वाटेने गेले. गंधेबाई एकट्याच मैदानावर राहिल्या. त्यांनी शाल काढून ठेवली आणि नखं बाहेर काढली. एकेक द्रोण घ्यायचा, एकेक बुडबुडा फोडायचा, एकही ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ठरावाशिवाय.

त्या पहिल्या द्रोणावर वाकल्या. आणि तशाच थांबल्या.

द्रोणातून आईचा वास येत होता. सगळ्या जंगलात आता तेवढाच उरला होता.

गंधेबाईंनी नखं आत घेतली. शेपूट गुंडाळून द्रोणांच्या मधे बसल्या.

"आज इथेच झोपू का गं?" त्यांनी विचारलं.

एक बुडबुडा उजळला. मग शेजारचा. मग सगळे.

*

तात्पर्य: सभेला कोणी येत नाही म्हणून कधी कुरकुर करू नये. जंगलातली बरीच झाडं केवळ सभा तहकूब होत राहिल्यामुळेच उभी असतात.

हे तात्पर्य कुणाला मान्य नसेल तर त्याने आत्ताच बोलावं. पण जरा बेताने. स्वयंपाकघरात भात शिजतोय आणि मी मंजूर धरलं आहे.